एम-थ्रीत बॅक लागली म्हणजे डिप्लोमावाला वाया गेला का?

डिप्लोमाचे निकाल लागले की नागपुरात पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. थोडक्यात तो असा: डायरेक्ट सेकंड इयरला, म्हणजे डीएसईने, इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलांना तिसऱ्या सेमला, म्हणजे सेमेस्टरला, एम-थ्री या गणिताच्या तिसऱ्या पेपरात बॅक लागते, म्हणजे ती नापास होतात, त्यांचा सीजीपीए (सगळ्या सेमची मिळून सरासरी) पहिल्या वर्षापासूनच्या मुलांपेक्षा कमी राहतो, त्यांच्यातली बरीच मध्येच सोडून जातात, कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या त्यांना भरतीला बसू देत नाहीत आणि त्यांच्यामुळे कॉलेजचा निकाल पडतो. शेवटी ठळक अक्षरांत निष्कर्ष: ‘डीएसई म्हणजे तीन वर्षं आणि फी दोन्ही पाण्यात.’ खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग.

मी तिसऱ्या सेमला गणित शिकवतो, त्यामुळे पहिला मुद्दा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. बॅक लागते, आणि बऱ्याच जणांना लागते. पण का लागते ते मजकुरात नाही, आणि पुढे त्या मुलांचं काय होतं तेही नाही.

एम-थ्रीत लाप्लास येतं, फोरियर येतं, पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स येतात. लाप्लासचं इन्व्हर्स काढायला पार्शल फ्रॅक्शन हाताशी लागतं, फोरियरला इंटिग्रेशन बाय पार्ट्स. बारावी करून आलेल्या मुलानं हे अकरावी-बारावीत आणि पुन्हा पहिल्या वर्षात घोटलेलं असतं. डिप्लोमाच्या मुलानं इंटिग्रेशन शिकलेलं असतं ते पहिल्या वर्षाच्या गणितात. पुढची दोन वर्षं बहुतेक शाखांमध्ये गणिताचा पेपरच नसतो. पार्शल डेरिव्हेटिव्ह तर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात शिकवतात, आणि नेमकं तेच वर्ष त्याला माफ झालेलं. त्यात प्रवेशाचं वेळापत्रक. तंत्र शिक्षण मंडळाचा निकाल, मग राज्याच्या प्रवेश यंत्रणेची, म्हणजे सीईटी सेलची नोंदणी, मग कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्या. सदरच्या शासकीय तंत्रनिकेतनातला किंवा गोंदियाकडचा मुलगा हिंगणा रोडवरच्या कॉलेजात बाकावर येऊन बसतो तेव्हा वर्ग बऱ्याचदा कधीचे सुरू झालेले असतात. त्याला खोली शोधायची असते, वह्या उतरवायच्या असतात आणि लाप्लासचं पहिलं युनिट संपलेलं असतं. अशा मुलाला पहिल्या परीक्षेत बॅक लागली तर त्यातून त्याच्या बुद्धीबद्दल किती कळतं आणि कॅपच्या वेळापत्रकाबद्दल किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या मुलांसाठी गणितासारख्या विषयांचे ब्रिज कोर्स, म्हणजे राहिलेला पाया भरून काढणारे वर्ग, घ्यावेत असं एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या नियमांतच म्हटलं आहे. ते किती कॉलेजांत कागदावरच उरकतात, त्यावर मात्र कोणी मजकूर फिरवत नाही.

हे काही नागपुरातच घडतं असं नाही. अमेरिकेत दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजातून चार वर्षांच्या विद्यापीठात जाणाऱ्या मुलांचा मोठा ओघ असतो. तिथल्या अशा अभ्यासांचा आढावा घेऊन जॉन हिल्स यांनी 1965 मध्ये ‘ट्रान्सफर शॉक’ची मांडणी केली: नव्या ठिकाणी पहिल्या सत्रात गुण घसरतात, पुढे जितका काळ मूल टिकतं तितके ते सावरत जातात. सुरुवातीपासून तिथंच शिकणारी मुलं एकूणात थोडी पुढंच राहतात, हेही त्यांनी नोंदवलंय. ते मी लपवत नाही. पण फक्त पहिल्या सत्रावरून मोजलं तर सगळ्यात वाईट क्षणाचा फोटो काढल्यासारखं होतं, ही गोष्ट साठ वर्षांपासून माहीत आहे. आमच्याकडचा मजकूर अजून त्याच फोटोवर चाललाय.

आता ‘पहिल्या वर्षापासूनच्या मुलांपेक्षा मागे’ या मुद्द्याकडे. सगळी गडबड इथं आहे, म्हणून जरा थांबतो.

कोणापेक्षा मागे? एक कल्पित उदाहरण घेऊ. 60 जागांची एक शाखा. पहिल्या वर्षी 52 जण आले, 8 जागा रिकाम्या राहिल्या. त्या 52 पैकी 6 जण दुसऱ्या वर्षापर्यंत पोचलेच नाहीत: कोणी एम-वनमध्ये अडकून डिटेन झाला, कोणी शाखा बदलली. राहिले 46. डीएसईने आले 14, म्हणजे रिकाम्या 8 आणि मंजूर जागांच्या 10 टक्के जादा म्हणून 6. वेळेत पदवी मिळाली ती पहिल्या वर्षापासूनच्या 38 जणांना आणि डीएसईच्या 11 जणांना.

डीएसईचं यश 11 भागिले 14, म्हणजे 79 टक्के. दुसऱ्या गटाचं किती? 52 ने भागलं तर 73, 46 ने भागलं तर 83. तेच वर्ग, त्याच मार्कशीट, आणि डिप्लोमावाले एका हिशेबात पुढे तर दुसऱ्यात मागे! मजकूर लिहिणाऱ्यानं कशानं भागलं ते त्यानं सांगितलेलं नाही. माझ्या मते 46 ने भागणंच बरोबर, कारण दोन्ही गट तिसऱ्या सेमच्या दारात एकत्र उभे असतात आणि तिथून पुढची शर्यत सारखी. म्हणजे माझ्याच उदाहरणात माझा पक्ष चार टक्क्यांनी हरतो. हरू द्या. फक्त लक्षात घ्या, 14 च्या गटात एक मुलगा म्हणजे सात टक्के. एकजण जास्त पास झाला असता तर 79 चे 86 झाले असते आणि मजकूर उलटा लिहावा लागला असता. एका बॅचच्या, एका शाखेच्या आकड्यावरून कोणी ठाम बोलत असेल, तर त्याचं सोडून द्या.

काहीजण आणखी एक घोळ करतात: एकाच साली प्रवेश घेतलेल्यांची तुलना. 2021 ला पहिल्या वर्षात आलेला मुलगा 2025 ला बाहेर पडतो, आणि 2022 ला डीएसईने आलेलाही 2025 लाच. ती दोघं एका बॅचची. 2022 च्या दोन्ही याद्या शेजारी ठेवून 2025 च्या निकालात शोधायला गेलात, तर एक यादी पूर्ण रिकामी दिसेल.

सीजीपीएचंही तसंच. डीएसईवाल्याचा सीजीपीए सहा सेमचा, दुसऱ्याचा आठ सेमचा. पहिल्या वर्षाचे गुण कोणाला खाली ओढतात, कोणाला वर नेतात, पण डिप्लोमावाल्याच्या बेरजेत ते नाहीतच. तिसऱ्या ते आठव्या सेमचे एसजीपीए, म्हणजे एकेका सेमच्या सरासऱ्या, दोघांचेही काढा आणि मग बोला. बॅकलॉग न लागता पास होण्याच्या बाबतीत तर माप डीएसईकडे झुकतं, कारण बॅक लागायला त्याच्याकडे सहाच सेम असतात, दुसऱ्याकडे आठ. ही सवलत मजकूर लिहिणाऱ्याच्या ध्यानात आली नाही. आली असती तर त्यानं ती आवर्जून उगाळली असती.

आमच्या बाजूचेही शहाणे असतात. ‘आमच्या ब्रँचचा टॉपर डिप्लोमावाला’ असे फलक लावतात. अहो, डीएसईला सीईटी नाही, प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर. नामांकित कॉलेजात, मागणी असलेल्या शाखेत मोजक्या जागा असल्या की तिथं येणारा मुलगा मुळातच पॉलिटेक्निकचा अव्वल असतो. तो टॉपर आला यात नवल कसलं? त्याच वर्षी दूरच्या एखाद्या कॉलेजात कमी टक्क्यांवर आलेल्या मुलाशी त्याची सरासरी काढून हाती काही लागत नाही. शिवाय नागपुरातली सगळी कॉलेजं एकाच पेपराची नाहीत: काही राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठाची, काही लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडलेली, काही स्वायत्त, म्हणजे स्वतःच पेपर काढणारी. एम-थ्री हे नाव सारखं, पेपर काढणारे वेगळे.

‘त्यांच्यामुळे कॉलेजचा निकाल पडतो.’ एनबीए या अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या मूल्यांकनात वर्षानुवर्षं वापरात असलेल्या यशाच्या सूत्रात पहिल्या वर्षाची मुलं आणि दुसऱ्या वर्षी आलेली मुलं दोन्ही छेदात धरतात, आणि पास झालेली दोन्ही अंशात. वरच्या उदाहरणात 49 भागिले 66, म्हणजे 74 टक्के. डीएसईची मुलं काढून टाकली तर 38 भागिले 52, म्हणजे 73. पडला कुठे? उलट काही जाहिरातींत पास झालेल्यांत डीएसईवाले मोजून फक्त पहिल्या वर्षाच्या प्रवेशानं भागतात. मग 49 भागिले 52, तब्बल 94 टक्के! तेव्हा मात्र डिप्लोमावाले कोणाला जड होत नाहीत. रिकाम्या राहणाऱ्या जागांची फी भरतात तीही हीच मुलं.

कंपन्यांचा मुद्दा एका ओळीचा आहे. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांच्या नोटिशी काढून वाचा: सहसा ‘बारावी किंवा डिप्लोमा’ असंच लिहिलेलं असतं, आणि अडवतात ते चालू बॅकलॉगवर, मग मुलगा कुठूनही आलेला असो.

राहिला ‘मध्येच सोडून जातात’ हा मुद्दा. सोडून जातात, खरंय. पण राजेहो, कुठे जातात ते तरी विचारा. सरकारी खात्यांत आणि वीज कंपन्यांत कनिष्ठ अभियंत्याच्या, म्हणजे जेईच्या, कित्येक पदांना डिप्लोमा ही पात्रता चालते. रेल्वेच्या जेई भरतीलाही चालते. डीएसईला आलेला मुलगा पदवी करता करता हे अर्ज भरत असतो, कारण त्याच्या हातात एक पूर्ण पात्रता आधीच आहे. बारावीवरून आलेल्याच्या हातात ती नसते. सहाव्या सेमला असताना जेईची ऑर्डर आली तर तो काय करेल? घरचे पेढे वाटतील आणि कॉलेजच्या रजिस्टरात त्याच्यापुढे ‘प्रवेश रद्द’ लिहिलं जाईल. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांभोवतीच्या गावांत विचारून पाहा, अशा मुलाला अपयशी म्हणणारा माणूस सापडणार नाही. तो फक्त तक्त्यात सापडतो. वरच्या 14 मधला एकजण असा गेला असेल आणि त्याला हिशेबातून वेगळा काढला, तर उरलेल्यांचं यश 11 भागिले 13, म्हणजे 85 टक्के. 83 च्या पुढे.

अर्थात सगळेच जेई होऊन जात नाहीत. कोणी फी झेपली नाही म्हणून जातो, कोणी चौथ्या सेमपर्यंत एम-थ्री निघाली नाही म्हणून. ही दोन कारणं कॉलेजनं सोडवायची आहेत, आणि जेईवाल्याच्याच रकान्यात ती घातली की दिसेनाशी होतात.

अमेरिकेचं सरकारी माप याहून वाईट होतं. तिथं कॉलेजच्या पदवीच्या दरात अनेक वर्षं फक्त प्रथमच आणि पूर्णवेळ प्रवेश घेतलेली मुलं मोजली जात. दुसरीकडून आलेलं मूल तिथं पदवी घेऊनही आकड्यात नसे, आणि इथून जाऊन दुसरीकडे पदवी घेणारं मूल पहिल्या कॉलेजच्या पदवीधरांत धरलं जात नसे. 2015-16 पासून तिथं दुसरीकडून आलेल्यांचा वेगळा गट धरून आठ वर्षांपर्यंत माग काढणारं जादा सर्वेक्षण सुरू झालं. आपल्याकडे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समुळे, म्हणजे कमावलेले क्रेडिट खात्यात जमा राहण्याच्या सोयीमुळे, एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणारी मुलं वाढणार असतील, तर हा वेगळा रकाना आपल्यालाही लागेल.

तोवर पालकांना एक काम करता येईल. एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीत, भाग घेणाऱ्या कॉलेजला पाठवलेली माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्या तक्त्यात पहिल्या वर्षाचे प्रवेश, त्याच्या पुढच्या वर्षीचे डीएसईचे प्रवेश आणि वेळेत पदवी मिळालेल्यांची संख्या एका ओळीत असते. पदवीच्या रकान्यात दोन्ही गट एकत्र केलेले असतात, तेवढं वेगळं करून कॉलेजला मागा. सोबत डीएसईच्या मुलांची तिसऱ्या आणि पाचव्या सेमची ‘ऑल क्लिअर’, म्हणजे सगळे विषय सुटलेल्यांची, संख्या, आणि सोडून गेलेल्यांची कारणं, गेल्या तीन बॅचची. परीक्षा विभागाकडे सेमगणिक निकाल असतोच. ‘काढून सांगतो’ असं उत्तर आलं, तर कॅपचा ऑप्शन फॉर्म भरायची मुदत संपायच्या आत पुन्हा एकदा फोन करा.