चौतीस इंची दुखणी

अल्ट्रावाइड, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त रुंद, मॉनिटर घेताना कुठलं दुखणं आपल्याला झेपेल एवढंच बघायचं असतं, बाकी सगळं बॉक्सवर छापलेलं असतं. पडदे मुख्यतः तीन जातींचे. आयपीएस घेतला तर काळा रंग राखाडी दिसणार आणि अंधारात कोपरे चमकणार. व्हीए घेतला तर काळा मस्त काळाकुट्ट, पण गेममध्ये रात्रीचा सीन आला आणि मान वळवली की प्रत्येक गोष्ट मागे काजळ फिसकटल्यासारखा फराटा सोडत जाणार. आणि ओलेडमध्ये काळा म्हणजे तिथला पिक्सेल चक्क बंदच, बघून डोळ्यात पाणी येतं, मग किंमत बघून परत येतं, आणि वर एकच चित्र तासनतास ठेवलं तर त्याचा डाग कायमचा उमटायची भीती.

माझी गोची अशी की दिवसा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो आणि रात्री सगळे झोपले की गेम खेळतो, आणि ह्या दोन्ही माणसांना एकच मॉनिटर परवडतो. गेमर मित्राला विचारलं तर तो म्हणाला, "भावा, ओलेड घे, विषय संपला." म्हटलं अरे पण डाग? "टास्कबार लपवायचा ना." अरे पण माझी टाइमलाइन, म्हणजे व्हिडिओचे तुकडे जुळवायची पट्टी, दिवसभर त्याच जागी असते. "मग ती पण लपव." म्हणजे टाइमलाइन लपवून एडिटिंग करायचं, डोळे मिटून पोहे करायचे तसं. ज्यांच्याकडे कलर ग्रेडिंग, म्हणजे व्हिडिओचे रंग जुळवणं, शिकलो त्या सरांना फोन केला तर ते म्हणाले आयपीएसशिवाय बघू नकोस, डेल्टा ई, म्हणजे रंगातली चूक, दोनच्या खाली पाहिजे, आणि गेम वगैरे काय आता ह्या वयात.

शेवटी म्हटलं डोळ्यांनी बघू, म्हणून डोंबिवलीहून लोकल पकडून दादरला बदलून ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोड. तिथली दुकानं एवढीशी की ३४ इंची पडद्यापासून दोन पावलं मागे सरकलात तर शेजारच्या दुकानात पोचता. आणि सगळीकडे डेमो तोच, लालभडक पोपट, पाण्यात पडणारी फळं, स्लो मोशनमध्ये शाई. आता पोपट कुठल्याही पडद्यावर छानच दिसतो हो, पण माझ्याकडे पोपट कोण शूट करायला देतंय, माझं फुटेज म्हणजे ट्यूबलाइटच्या उजेडातली हळद. म्हणून मी पेनड्राइव्हच नेला होता. दुकानदाराने तोंड वाकडं करत का होईना लावला, आणि तिथे कळलं की खरी परीक्षा हळद घेते. वाइड गॅमटवाल्या, म्हणजे जास्त भडक रंग दाखवू शकणाऱ्या पॅनलवर नेहमीच्या एसआरजीबी रंगांचं साधं फुटेज तसंच सोडलं की रंग असे चढतात की नवरीला हळद लावलीय का तिच्यावर शेंदूर ओतलाय ते कळेना, आणि नवऱ्याचा मामा तर पिकलेला टोमॅटो. एसआरजीबी मोड लावला की सगळे ताळ्यावर येतात, पण बऱ्याच मॉनिटरांत तो मोड लावला की ब्राइटनेसला कुलूप. क्यूडी-ओलेडवर, म्हणजे ओलेडच्याच एका प्रकारावर, हळद झकास होती, फक्त दुकानाच्या लख्ख उजेडात काळा रंग जांभळट दिसत होता आणि बारीक अक्षरांच्या कडेला रंगीत किनार. माझ्या टेबलासमोर पश्चिमेची खिडकी आहे, तेव्हा तोही विषय तिथेच मिटला.

आणि ह्या सगळ्यात गंमत म्हणजे क्लायंटला हल्ली सिनेमा नको असतो, उभी रील पाहिजे असते. ३४४० बाय १४४० च्या पडद्यावर पूर्ण उंचीची रील ८१० पिक्सेल जागा खाते, म्हणजे चार नवऱ्या शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि वर एका बारीक करवलीपुरती जागा उरते. ह्यासाठी मी आडवा मॉनिटर घेतोय.

गेमचंही फार वेगळं नाही. एल्डन रिंगसारखा गेम दोन्ही बाजूंना काळे पट्टे टाकून मधल्या चौकटीतच खेळायला लावतो. बाकीचे पूर्ण पडदा भरतात पण फुल एचडीच्या २१ लाख पिक्सेलऐवजी ५० लाख ओढायचे म्हटल्यावर माझं ग्राफिक्स कार्ड असं धापा टाकतं की १६५ हर्ट्झ (सेकंदाला १६५ चित्रं) फक्त बॉक्सवर बघायचे. त्यात जुनी एचडीएमआय २.० वायर लावली तर १०० च्या वर जातच नाही, त्यापेक्षा डिस्प्लेपोर्टची वायर बरी. एचडीआर ४००, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवण्याचा दावा, त्या स्टिकरबद्दल मी काही बोलत नाही.

घरी टेप घेऊन टेबल मोजलं, तीन फूट. ३४ इंची साधारण ८० सेंटिमीटर रुंद, म्हणजे बसतो. ४९ इंची म्हणजे दोन २७ इंची एकाला एक चिकटवलेले, १२० सेंटिमीटर, तो बाद. "आणि स्पीकर काय डोक्यावर घेणार?" बायको. आईला फोनवर फोटो दाखवला तर ती म्हणाली अरे हा वाकलाय की. मी १८००आर आणि १०००आर समजावलं, की मिलिमीटरमधली त्रिज्या असते, आकडा जितका कमी तितका बाक जास्त. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे जास्त वाकलेला जास्त महाग? वाकलाय म्हणून भाव पाड की मेल्या."

बायको सीएच्या ऑफिसात आहे, तिने मात्र वेगळीच गोष्ट काढली. ३२ इंचापर्यंत १८ टक्के जीएसटी आणि त्याच्या वर २८, मग दोन इंचांसाठी दहा टक्के सरकारला कशाला देतोस, थांब. मी तसंही ठरवू शकत नव्हतो म्हणून थांबलो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मॉनिटरवरही १८ झाला. मूळ किंमत ४० हजार धरली तर सरळ चार हजार वाचले. माझ्या चालढकलीने घरात पैसे वाचवले अशी ही एकमेव नोंद आहे आणि मी ती येईल त्याला सांगतो.

शेवटी आयपीएस घेतला, कमी बाकाचा, राखाडी काळ्यासकट. कोपरे चमकतात, मी दिवा लावून खेळतो. म्हणजे खेळलो असतो. पहिल्याच आठवड्यात बायकोने ऑफिसचा लॅपटॉप आणून जोडला, एका बाजूला जीएसटीआर टू-बी, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांची जीएसटीची यादी, दुसऱ्या बाजूला परचेस रजिस्टर, म्हणजे खरेदीची वही, मध्ये हिशेबाचं टॅली, आणि मान न वळवता तिने सगळ्या एंट्र्या जुळवल्या. आता जीएसटी भरायची २० तारीख जवळ आली की मला कळफलकसुद्धा दिसत नाही, मी जेवणाच्या टेबलावर जुन्या लॅपटॉपवर हळद पिवळी करत बसतो.

काल आतून हाक आली. "अरे, ते ४९ इंचवालं केवढ्याला होतं?"

म्हटलं अगं स्पीकर कुठे ठेवायचे?

"कुठले स्पीकर?"