दाळीचं पाणी

आज गिझरवाला आला होता. कॉइल काढून त्याने वर्तमानपत्रावर ठेवली. तिच्यावर जड पाण्यातल्या क्षारांचा करंगळीएवढा जाड पांढरा थर. स्क्रू ड्रायव्हरने ठोकलं तर अंड्याच्या टरफलासारखे तुकडे पडले. दोन वर्षांत ही तिसरी कॉइल. "मॅडम, तुमच्या बिल्डिंगमध्ये महिन्याला चार तरी बदलतो मी," म्हणाला. खुशीत होता. का नसेल?

मी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पहिलंच उत्तर आलं, "बायकांचे केस गळतात म्हणून सोसायटीने आठ लाखांचा सॉफ्टनर बसवायचा का?" सॉफ्टनर म्हणजे जड पाणी मऊ करणारं यंत्र. त्याखाली सात हसरे चेहरे.

केसांचं नाव तरी काढलं होतं का मी?

माझ्या यादीतल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, मी विदर्भातल्या खारपाणपट्ट्यातली, जिथे जमिनीखालचं पाणीच खारं. पूर्णेच्या काठचं, दर्यापूरच्या अलीकडचं गाव. विहिरीला पाणी भरपूर, पण तोंडात धरवायचं नाही. आमच्या घरी तीन रांजण आणि एक पितळी घागर होती. रांजणातलं पाणी धुण्याभांड्याला, आंघोळीला, गुरांना. घागरीत दोन कोसांवरून बैलगाडीने आणलेलं गोडं पाणी. त्या घागरीजवळ गेलं की आई ओरडायची, "हात नोको लावू, दायीचं पानी हाये थे!" तहान लागली तर अर्धा गडू मिळायचा. दाळ मात्र त्याच पाण्यात शिजायची, कारण विहिरीच्या पाण्यात तुरीची दाळ दोन तास चुलीवर ठेवली तरी दाणा न् दाणा वेगळा. शाळेत पुढे साबणाला फेस न येणाऱ्या पाण्यासाठी 'दुष्फेन' हा शब्द आला तेव्हा मला वाटलं, एवढ्याशा गोष्टीला केवढं हे नाव.

आता मी राहते त्या पुण्याजवळच्या वाकडचं बघा. आम्हाला पवनेचं पाणी येतं, धरणाचं, उत्तम, साबणाला भरभरून फेस येणारं. पण २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड. ते पुरत नाही म्हणून बोअर, आणि बोअर आटली की टँकर, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी बोअरचं पाणी. काळ्या पाषाणातून झिरपलेलं, कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन आलेलं. हे सगळं कुठे पडतं? एकाच टाकीत. पवनेचं त्यातच, टँकरचंही त्यातच. माझ्या आईकडे चार भांडी होती आणि तिला कळत होतं की गोडं पाणी वेगळं ठेवायचं असतं. बावीस मजले चढवणाऱ्याला दोन टाक्या आणि एक जादा पाइप सुचला नाही!

मग प्रत्येकाने आपापलं बघायचं. नळाची जाळी लिंबाच्या पाण्यात भिजत घाला. कुकरला सहा शिट्ट्या द्या, वर चिमूटभर सोडा. चहावर तवंग येतो तो फुंकून बाजूला करा. स्टीलचे पेले घासा, वाळले की पुन्हा पांढरे. हे करतं कोण, ते सांगायला नकोच. म्हणूनच सात हसरे चेहरे.

मध्ये एक विक्रेता आला होता. पेनासारखं मीटर बुडवून म्हणाला, "टीडीएस अकराशे, आमचा सॉफ्टनर घ्या." अरे, टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, ते सॉफ्टनर कमी करतच नाही. तो कॅल्शियम काढून सोडियम सोडतो, आकडा जवळपास तिथेच राहतो. शेवटी मीच प्रयोगशाळेत बाटली नेली. एकूण कठीणपणा, म्हणजे पाण्याचा जडपणा, लिटरमागे ६४० मिलिग्रॅम आला. भारतीय मानकात २०० पर्यंत ठीक, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००. तोही आकडा ग्रुपवर टाकला होता. कुणी बघितला नाही.

हो, जड पाण्याने कुणी मरत नाही, डॉक्टरही तेच सांगतात. आणि सॉफ्टनरला मिठाच्या गोणी लागतात, ते खारं पाणी गटारात जातं, हेही खरं. म्हणून मी सॉफ्टनर मागतच नाहीये. मी टाकी वेगळी करा म्हणतेय! स्वयंपाकघराला पवना, बाकीला टँकर.

कमिटीतली माणसं वाईट नाहीत, नोकरी सांभाळून फुकट काम करतात, मे महिन्यात रात्री दोनला टँकरची वाट बघत गेटवर उभी असतात. पाणी आलं की त्यांना सुटल्यासारखं होतं, मग ते कसलं आहे हे कोण विचारणार? मला कळतं ते. पण हसलात कशाला?

गेल्या दिवाळीत आई आली होती. सकाळी चहाचा पहिला घोट घेतला, कपाकडे बघितलं आणि म्हणाली, "पोरी, हे तं आपल्याच गावचं पानी हाये." एवढी शिकून, एवढं कर्ज काढून मी कुठे येऊन पोचले, ते तिने एका घोटात सांगितलं. मी काही बोलले नाही. तिने स्वतःच पाणी बदलून चहा करायचा म्हणून बिसलेरी शोधायला घेतली.

आज कॉइलचे पैसे दिले आणि कळशी घेऊन खाली गेले. मीटरशेजारी, टाकीच्या आधी, माळीकाकांचा एक नळ आहे. आज पाण्याचा दिवस होता. वॉचमनदादा खुर्चीवरून उठले, "मॅडम, वर पाणी नाही का?"

"आहे हो. हे दाळीचं आहे."

तीन शिट्ट्यांत वरण घोटून एकजीव झालं. उद्या पाणी नाही. परवा सकाळी सहाला मी परत त्या नळावर. बी विंगच्या काकू आत्ताच विचारत होत्या, कळशी केवढी आणू म्हणून.