रामदेवरायाला मखमल शोभते

देवगिरीच्या यादवांवर सिनेमा काढायचाय ना? मग पहिलं पथ्य पाळा: औंढा नागनाथाच्या यादवकालीन देवळाकडे फिरकू नका. तिथल्या भिंतींवर त्या काळचे बाईमाणूस-बुवामाणूस दगडात उभे आहेत. कानांत भलीमोठी कुंडलं, गळाभर दागिने, आणि शिवलेला कपडा औषधापुरता. हे पाहिलं की झोप उडते. राजा उघड्या अंगानं दरबारात बसणार, हे पैसे लावणाऱ्याला सांगणार कोण?

त्यापेक्षा सरळ ड्रेसवाला गाठा. पगडी पेशवाई मिळाली तर पेशवाई घ्या. अल्लाउद्दीन खिलजी रामदेवरायाच्या देवगिरीवर आला १२९६ साली. चारशे वर्षांचा फरक मागच्या खुर्चीवरून कुठे दिसतो? राणीला नथ हवीच. यादवकालीन मूर्तींच्या नाकात ती सापडत नाही म्हणे, पण नथीवाचून मराठी राणी म्हणजे पोस्टरच पडलं. मखमल पॉलिस्टरची घ्या, भडक जांभळी. तसला रासायनिक जांभळा निघाला १८५६ साली, पण यादव श्रीमंत होते, त्यांना कुठूनही मिळाला असता.

चिलखताला लोखंड नको. सुतळी विणायची, वर चंदेरी स्प्रे मारायचा. मे महिन्यात गडावर तो रंग घामाबरोबर मानेवर उतरतो आणि सैनिक आपोआप जखमी दिसतो. मेकअपचा खर्च वाचला. खिलजीच्या खांद्यावर मात्र केसाळ कातडं टाकाच, ऊन कितीही असो. नाहीतर तो दुष्ट आहे हे पब्लिकला कळणार कसं?

सिनेमाला विषय म्हणून निजामशाहीचा वजीर मलिक अंबर घेऊ नका. त्याची जुनी चित्रं आहेत, हीच पंचाईत: पांढरा तलम जामा, कमरेला पटका, बस्स! एवढ्यावर कोण टाळ्या देणार? शिवाय जाम्याचे बंद मुसलमान उजव्या काखेत बांधत, हिंदू डाव्या. ही भानगड कोण निस्तरणार? पाठीमागून चेन लावून टाका.

देवगिरीजवळ छत्रपती संभाजीनगरातच हिमरू, म्हणजे रेशीम-सुताचं नक्षीदार कापड, विणतात, असं कुणीतरी सुचवेल. त्याला चहा पाजा. हातमाग आपल्या वेगानं चालतो आणि तुम्हाला सोमवारी दोनशे दरबारी उभे करायचेत. सुरतेहून ठोकात मागवा.

एवढं करूनही एखादा इतिहासाचा प्राध्यापक कुरकुरेलच. त्याच्याशी वाद घालू नका. भर दुपारी त्याला सुतळीचं चिलखत चढवून तटावर उभं करा आणि नामावळीत ‘इतिहास सल्लागार’ म्हणून नाव टाका. मानधन? ते नंतर बघू म्हणा.