‘रिव्होल्ट ऑफ द झॉम्बीज’ पैशामुळे फसला नाही

१९३६ च्या या चित्रपटाचं नाव निघालं की "बजेटच नव्हतं बिचाऱ्यांकडे" म्हणून विषय मिटवला जातो. मला हे अजिबात पटत नाही. याच हाल्पेरिन बंधूंनी, म्हणजे दिग्दर्शक व्हिक्टर आणि निर्माता एडवर्ड यांनी, १९३२ साली ‘व्हाइट झॉम्बी’ केला तेव्हाही खिसा रिकामाच होता. युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात, बरंचसं रात्री, ‘ड्रॅक्युला’साठी उभारलेले सेट वापरून ११ दिवसांत शूटिंग उरकलं. दोन्हीकडे कॅमेरामनसुद्धा एकच, आर्थर मार्टिनेली. मग घोडं पेंड कुठे खातं?

‘व्हाइट झॉम्बी’तला साखरेचा कारखाना बघा. डोक्यावर उसाच्या टोपल्या घेऊन झॉम्बी, म्हणजे जादूने उठवून राबवलेली मेलेली माणसं, रांगेने वर चढतात आणि ऊस चरकात ओततात. खाली काही जण घाण्याला जुंपलेल्या बैलासारखे दांडा ढकलत गोल फिरतात. संगीत नाही, फक्त लाकडाची करकर. मध्येच एकाचा तोल जातो आणि तो चरकात पडतो. कुणी मान वळवत नाही, करकर थांबत नाही. कथा हैतीत घडते. हैती तेव्हा अमेरिकी फौजांच्या ताब्यात होतं (१९१५ ते १९३४), आणि मेल्यावरही राबवून घेतील ही भीती मुळात गुलामगिरी भोगलेल्यांची. त्या दोन मिनिटांत ती सगळी उतरली आहे.

‘रिव्होल्ट’ला सीक्वेल म्हणतात, पण पात्रं वेगळी, कथा वेगळी आणि हैतीही नाही. सुरुवात पहिल्या महायुद्धात होते. कंबोडियातल्या पुजाऱ्याच्या विद्येने भारलेले सैनिक, गोळी छातीत घुसली तरी चालतच राहणारे. झॉम्बींची फौज ही कल्पना १९३६ साली केवढी मोठी होती! आणि ती काही मिनिटांत बाजूला ठेवून चित्रपट कंबोडियातल्या अंगकोरच्या प्राचीन अवशेषांकडे जातो आणि प्रेमाच्या त्रिकोणात अडकतो. आर्मां क्लेअरवर प्रेम करतो, क्लेअरचा जीव क्लिफर्डवर. बाकी खोल्यांमधल्या गप्पा. नावात बंड आहे, ते होतं अगदी शेवटी. झॉम्बी इथे काम करताना जवळजवळ दिसतच नाहीत, आणि माझ्या मते चित्रपट तिथेच मेला.

दुसरा घाव बॅक प्रोजेक्शनचा. अंगकोरची दृश्यं मागून पडद्यावर टाकायची आणि नटाला पुढे उभं करायचं, ही पद्धत तेव्हा रुळत होती. ती साधायची तर प्रोजेक्टर आणि कॅमेऱ्याचे शटर एकाच क्षणी उघडायला हवेत, नाहीतर मागचं चित्र लुकलुकतं. पडदा मध्यभागी जास्त उजळतो, कडा काळवंडतात. नटावरचा प्रकाश पडद्यावर सांडला की मागचा काळा रंग राखाडी होतो. तो सांडू नये म्हणून नटाला पडद्यापासून लांब ठेवावं लागतं. त्यात मागचं चित्र दुसऱ्यांदा छापलं जात असल्याने त्याचा दाणा, म्हणजे फिल्मवरचे बारीक ठिपके, जाड होतो. पण सगळ्यात अवघड असते जमीन. पायाखालची माती आणि मागची माती जुळली नाही की डोळा लगेच चोरी पकडतो. आर्मां दलदलीतून पाठलाग करतो तो प्रसंग पाहा. मागे दलदल आहे, पुढे माणूस आहे, पण माणूस दलदलीत नाही. आर्मां झालेल्या डीन जॅगरला दोष देऊ नका. याच माणसाने पुढे ‘ट्वेल्व्ह ओ’क्लॉक हाय’साठी ऑस्कर मिळवलं.

‘व्हाइट झॉम्बी’चा खलनायक बेला लुगोसी या चित्रपटात नाही, त्याचे डोळे मात्र आहेत! ‘व्हाइट झॉम्बी’तला डोळ्यांचा तोच क्लोजअप उचलून इथे दृश्यांवर चढवला आहे. अख्ख्या चित्रपटात सगळ्यात जास्त धाक त्या उसन्या डोळ्यांचाच वाटतो.

नावावरून खटलाही झाला. ‘व्हाइट झॉम्बी’ला पैसा पुरवणाऱ्या कंपनीने ‘झॉम्बी’ शब्दाच्या वापरावर हरकत घेतली आणि न्यूयॉर्कच्या न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. हैतीच्या लोकांच्या तोंडचा शब्द, आणि मालकीचं भांडण अमेरिकेतल्या दोन कंपन्यांचं. याचा मला आजही राग येतो.

बघणार असाल तर दोन्ही लागोपाठ बघा, आधी १९३२ चा. दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात, पण बऱ्याच प्रती कॉपीवरून कॉपी काढलेल्या आहेत. दर पिढीला काळा-पांढरा भडक होतो आणि मधले करडे रंग मरतात. कारखान्याच्या दृश्यात सावलीतल्या माणसांचे चेहरे ओळखू येत नसतील, तर ती प्रत सोडा आणि दुसरी शोधा.