झोपलेला प्रभू आणि आपला प्रश्न

सप्रेम जय ख्रिस्त.

संकटातील देवाच्या शांत सोबतीविषयीच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोन दिवसांत अनेकदा वाचली. एप्रिल 2021 मध्ये ऑक्सिजनच्या खाटेसाठी मुंबईभर फोन चालू असतानाच आपला धाकटा भाऊ गेला आणि नंतर भेटायला आलेल्यांनी ‘रडू नका, प्रभूवर भरवसा ठेवा’ एवढेच सांगितले. माझ्या लेखातही आपल्याला तोच आवाज ऐकू आला, आणि नावेत झोपलेल्या येशूची शांतता ही निव्वळ बेफिकिरी आहे, असे आपण लिहिले आहे. लेखाविषयीची तक्रार मला मान्य आहे. ‘ज्याच्या मनाला शांती नाही त्याने आपला विश्वास तपासावा’ हे वाक्य मी लिहायला नको होते. ते मी मागे घेतो.

बेफिकिरीचा आरोप मात्र आपण पहिल्यांदा केलेला नाही. बायबलमधल्या मार्ककृत शुभवर्तमानाच्या, म्हणजे मार्कने लिहिलेल्या येशूचरित्राच्या, चौथ्या अध्यायात, सरोवरावरच्या वादळात नाव पाण्याने भरत असताना, शिष्य उशीवर झोपलेल्या येशूला उठवून हेच विचारतात की आम्ही बुडत आहोत याची तुम्हाला काळजी नाही का. त्यांच्यातले काही जण त्याच सरोवरावरचे मच्छीमार होते. वारा कधी जिवावर उठतो हे त्यांना आपल्या वरळीच्या कोळ्यांइतकेच कळत होते, म्हणून त्यांची भीती अडाण्याची नव्हती. मार्कच्या क्रमाने येशू आधी वारा शमवतो आणि मग विश्वासाविषयी विचारतो. दुसरा शुभवर्तमानकार मत्तय हा क्रम उलटा देतो, तेव्हा मी केवळ मार्कवर विसंबणार नाही. पण दोन्हीकडे ती हाक ऐकली जाते. पुढे अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत तर येशूच व्याकूळ होऊन तीन वेळा प्रार्थना करतो आणि शिष्य झोपी जातात. ज्याला स्वतःला तिथे शांत राहता आले नाही, त्याच्या नावाने आपण दुःखितांना गप्प बसवतो, याची मला लाज वाटते.

आपल्या घरचे वादळ शमले नाही. ते का शमले नाही, याचे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ते शोधून काढल्याचा आव मी आणणार नाही. बायबलमधले स्तोत्र 88 लिहिणाऱ्यालाही ते मिळाले नव्हते. त्याचे स्तोत्र अंधारातच संपते. तरीही रात्रंदिवस तो ज्याच्यापुढे आक्रोश करतो, त्याला पहिल्याच ओळीत ‘माझ्या तारणाऱ्या देवा’ अशी हाक मारतो. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये 1948 पासून दर बुधवारी नोव्हेना ही कॅथलिक प्रार्थना होते आणि तिथे लोकांनी लिहून दिलेल्या विनंत्या मोठ्याने वाचल्या जातात. मी प्रॉटेस्टंट मंडळीतला असलो तरी, आपली गरज अशी उघडपणे देवापुढे मांडणे मला विश्वासाचेच लक्षण वाटते.

माझे वडील शेवटच्या आजारात अतिदक्षता विभागात होते, तेव्हा आमच्या मंडळीतल्या एक मावशी रोज चेंबूरहून लोकलने डबा घेऊन येत आणि बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी तासभर बसत. त्यांनी एकदाही उपदेश केला नाही, वचनही सुनावले नाही. मी रडलो तर त्या रडू देत. वडील वाचले नाहीत, पण त्या बाकावर मी एकटा नव्हतो, आणि देव सोबत असतो असे मी लिहितो तेव्हा माझ्या मनात तेच बसणे असते. ते मूळ लेखात यायला हवे होते. त्याऐवजी मी वाचकाच्या विश्वासाचे मोजमाप करत बसलो.

ते वाक्य आज लेखातून काढले आहे आणि त्या जागी स्तोत्र 88 विषयी लिहिले आहे. आपली परवानगी असल्यास आपला प्रश्नही, भावाचा उल्लेख वगळून, लेखातच समाविष्ट करीन. परवानगी नसेल तर तसे कळवावे.