कॉर्टिसोलला विष ठरवणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही महिने एक लांबलचक संदेश घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. मला तो पेशंटांनी पाठवला, शेजाऱ्यांनी पाठवला, सख्ख्या मावशीनंही पाठवला. मजकूर थोडक्यात असा: कॉर्टिसोल हे ताणाचं विष आहे. चेहरा सुजला, पोट सुटलं, पहाटे तीनला जाग आली की ते वाढलंय असं समजावं. सकाळी उपाशीपोटी चहा घेतला की ते दुप्पट होतं. एका रक्ततपासणीत सगळं कळतं. सततच्या ताणानं ॲड्रिनल ग्रंथी थकून जातात. अश्वगंधा नैसर्गिक आहे, रोज घ्या. स्टिरॉइडच्या गोळ्या म्हणजे कृत्रिम कॉर्टिसोल, आजच बंद करा. आणि 90 टक्के आजार ताणातून होतात, म्हणून ताण घेणं सोडा.

मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावी काम करते. या संदेशातलं एक वाक्य माणसाचा जीव घेऊ शकतं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी ‘विष’ या आरोपाकडे बघू. 1855 साली लंडनमध्ये थॉमस ॲडिसन या डॉक्टरनं काही रोग्यांचं वर्णन केलं. त्यांना कमालीचा थकवा होता, वजन घटत होतं, उलट्या होत होत्या, कातडी काळवंडत चालली होती आणि शेवटी ते दगावत होते. शवविच्छेदनात मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ॲड्रिनल ग्रंथी निकामी झालेल्या सापडल्या. आज आपण याला ॲडिसनचा आजार म्हणतो. या आजारात जे हार्मोन कमी पडतात त्यातला सर्वांत महत्त्वाचा कॉर्टिसोल. उपाशी असताना रक्तातली साखर टिकवणं, ब्लडप्रेशर धरून ठेवणं, शरीरातली सूज आणि प्रतिकारशक्तीचा अतिरेक आवरणं ही त्याची कामं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना हाच आजार होता आणि ते रोजच्या स्टिरॉइडवर, म्हणजे कॉर्टिसोलसारखंच काम करणाऱ्या औषधावर, उभे होते. आपल्याकडे ॲड्रिनलना टीबी होऊन हा आजार झालेले रोगी आजही सापडतात. हातांच्या रेषा आणि हिरड्या काळ्या पडलेला, दोन जिने चढला की बसून घेणारा असा माणूस एकदा पाहिला की कॉर्टिसोलला विष म्हणायला जीभ रेटत नाही.

पहाटे तीनची जाग आणि सकाळचा चहा यांचं उत्तर एकत्रच देता येतं. कॉर्टिसोल दिवसभर सारखं नसतं. मेंदूतल्या घड्याळानुसार ते रात्रीच्या उत्तरार्धात चढू लागतं, सकाळी जाग येण्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं, उठल्यावर पाऊण तासात आणखी थोडं वाढतं आणि मग उतरत उतरत मध्यरात्री तळाला जातं. सकाळी ते वाढलेलं असणं हीच निरोगी माणसाची खूण. चहा-कॉफीतल्या कॅफिननं त्यात काही वेळ थोडी भर पडते, पण रोज पिणाऱ्यांमध्ये शरीर सरावतं आणि हा परिणाम बराच बोथट होतो. जोरात व्यायाम केला तरी कॉर्टिसोल वाढतं, त्यासाठी कोणी व्यायाम बंद करत नाही. उपाशीपोटी चहानं जळजळ होत असेल तर नका घेऊ, पण ते कारण निराळं. पहाटे जाग येण्यामागे शुगर, प्रोस्टेट, घोरण्याचा आजार, रात्रीची दारू किंवा नैराश्य असू शकतं. नैराश्यात पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणं हे तर ठळक लक्षण. कॉर्टिसोलवर बोट ठेवून मोकळं झालं की ही सगळी कारणं शोधायची राहून जातात.

आता सुजलेला चेहरा आणि सुटलेलं पोट. कॉर्टिसोल खरोखर अतोनात वाढण्याचा आजार आहे, त्याचं नाव कुशिंग. ग्रंथीतल्या गाठीमुळे होणारा कुशिंग वर्षाला 10 लाख लोकांमागे दोन-तिघांना होतो. त्यात चेहरा गोल आणि लाल होतो, पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे उठतात, कातडी कागदासारखी पातळ होऊन कशानंही काळीनिळी पडते, हातपाय मात्र काटकुळे राहतात. मी अशा पेशंटला उकिडवं बसायला लावते आणि हात न टेकता उठायला सांगते. मांड्यांचे स्नायू इतके झिजलेले असतात की उठताच येत नाही. चाळिशीत दोन इंच वाढलेल्या कमरेचा याच्याशी संबंध नाही. तिची कारणं जेवण, कमी झोप, बैठं काम, वय, बायकांमध्ये पाळी जाण्याचा काळ. ताणाखाली माणूस गोडाधोडाकडे आणि तळलेल्याकडे वळतो, रात्री जागतो, आणि त्यातून वजन वाढतं, हे खरंच आहे. चेहरा मात्र खरोखर सुजत असेल तर कॉर्टिसोलच्या मागे लागण्याआधी साधी लघवीची तपासणी आणि थायरॉईडची टीएसएच करून घ्या, कारण मूत्रपिंडाचा आजार आणि थायरॉईड यांची गाठ कुशिंगपेक्षा कितीतरी जास्त वेळा पडते.

आपल्या भागात कुशिंगचा चेहरा दिसतो तो बहुतेक वेळा बाहेरून घेतलेल्या स्टिरॉइडमुळे, आणि ते घेणाऱ्याला आपण स्टिरॉइड घेतोय याचा पत्ताही नसतो. गुडघ्यांसाठी, दम्यासाठी ‘आयुर्वेदिक’ म्हणून मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्या असतात. गजकर्णावर किंवा गोरं दिसायला वर्षानुवर्षं चोळलेली मलमं असतात. एक आजी आठवतात. गुडघेदुखीवर कोणाकडून तरी पुड्या आणायच्या, रोज एक. दुखणं जादूसारखं थांबलं होतं. चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा गरगरीत, मानेमागे चरबीचा उंचवटा, हातांवर जांभळे डाग, शुगर नव्यानं निघालेली. पाहणारा म्हणेल, कॉर्टिसोल ओसंडून वाहतंय. सकाळी आठचं कॉर्टिसोल तपासलं तर आकडा 1 च्या आसपास आला. एरवी त्या वेळेला तो डेसिलिटरमागे साधारण 5 ते 25 मायक्रोग्रॅम असतो. याचं कारण सरळ आहे. बाहेरून येणारं स्टिरॉइड मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला पुरेसं वाटतं, ती ॲड्रिनलला हुकूम द्यायचं थांबवते, आणि काही आठवड्यांत ॲड्रिनल झोपी जातात. पुडीत असतं ते डेक्सामेथासोनसारखं कृत्रिम स्टिरॉइड या तपासणीत दिसत नाही. म्हणजे शरीर स्टिरॉइडनं भिजलेलं आणि रिपोर्टमध्ये कॉर्टिसोल जवळजवळ शून्य.

त्या आजींच्या सुनेनं दुष्परिणामांबद्दल कुठेतरी वाचलं आणि काळजीपोटीच पुड्या एका दिवसात बंद केल्या होत्या. पुढच्या आठवड्यात आजी आल्या त्या उलट्या, अर्धवट शुद्ध आणि 80 वर आलेलं ब्लडप्रेशर घेऊन. सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोनच्या इंजेक्शनवर त्या काही तासांत बोलायला लागल्या. नंतर स्टिरॉइडच्याच गोळ्या, डोस मोजून, महिनोन्‌महिने हळूहळू उतरवत बंद केल्या. सुनेचं चुकलं असं मला वाटत नाही. तिला अर्धीच माहिती कोणी तरी दिली होती, आणि या फॉरवर्डमधलं ‘आजच बंद करा’ तीच अर्धी माहिती लाखो लोकांना देतंय. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ स्टिरॉइड घेतलेल्या माणसानं ते एकदम सोडायचं नसतं. मग ते संधिवातासाठी असो, मूत्रपिंडासाठी असो की नाव नसलेल्या पुडीतलं. पुडी घेत असाल तर ती सोबत आणून डॉक्टरला दाखवा, लाजू नका. ज्यांना ॲडिसन आहे त्यांनी ताप आला तर डोस डॉक्टरनं शिकवल्याप्रमाणे वाढवायचा असतो, आणि उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर इंजेक्शनसाठी तडक दवाखाना गाठायचा.

स्टिरॉइडला सरसकट शिव्या घालणाऱ्यांनी 1948 सालही लक्षात ठेवावं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवातानं अंथरुणाला खिळलेल्या एका तरुणीला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. 1950 चं नोबेल हेंच, केंडाल आणि राइकस्टाइन यांना याच कामासाठी मिळालं. कोविडमध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषधचाचणीनं 2020 मध्ये दाखवलं की रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त 10 दिवस दिल्यानं व्हेंटिलेटरवरच्या रोग्यांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले. ज्यांना ऑक्सिजनचीच गरज नव्हती त्यांना मात्र काही फायदा झाला नाही. 2021 च्या लाटेत महाराष्ट्रात घरच्या घरी, लवकर आणि जास्त डोसमध्ये स्टिरॉइड घेतली गेली, शुगर भडकल्या आणि म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजारानं लोकांचे डोळे आणि जबडे गेले. औषध तेच होतं. कोणाला, किती आणि कधी दिलं यानं एवढा फरक पडला.

‘एका रक्ततपासणीत सगळं कळतं’ हे म्हणणं वरच्या आजींच्या रिपोर्टनंच खोटं ठरतं. शिवाय सकाळचा आकडा आणि रात्रीचा आकडा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, सुई पाहून घाबरलं तरी तो वाढतो, गर्भनिरोधक गोळ्यांनी वाढतो, रात्रपाळी करणाऱ्याचं सगळं वेळापत्रकच उलटं झालेलं असतं. कुशिंगचा संशय असेल तर रात्री उशिराची लाळ, 24 तासांची लघवी, किंवा रात्री 1 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन सकाळचं रक्त अशा तपासण्या करतात. ‘स्ट्रेस प्रोफाइल’ नावाच्या पॅकेजमधल्या एकुलत्या कॉर्टिसोलच्या आकड्यावरून तुमचा ताण मोजता येत नाही. दीर्घकाळ ताणाखाली असलेल्यांत ते नेहमी जास्तच असतं असंही नाही. सुरुवातीला वाढतं, वर्षं लोटली की बऱ्याच जणांत उलट कमी होतं, आणि मोठ्या आघातातून गेलेल्या अनेकांमध्ये ते कमीच सापडतं.

म्हणून मग ग्रंथी ‘थकल्या’ का? नाही. ‘ॲड्रिनल फटीग’ हा शब्द 1998 मध्ये जेम्स विल्सन या अमेरिकन कायरोप्रॅक्टरनं (हातानं मणके दाबून उपचार करणाऱ्यानं) रूढ केला. 2016 मध्ये ब्राझीलच्या दोन संशोधकांनी या विषयावरचे 58 अभ्यास तपासले आणि असा आजार असल्याचा पुरावा मिळत नाही असं लिहिलं. हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनाही हे निदान मानत नाहीत. थकवा मात्र खरा असतो. आपल्याकडे थकलेल्या बाईचं हिमोग्लोबिन आधी बघावं.

अश्वगंधेवर छोट्या चाचण्या झाल्या आहेत, त्यांत ताण आणि कॉर्टिसोल थोडं उतरल्याचं दिसलं आहे. ते नाकारायचं कारण नाही. पण तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉईडचं हार्मोन वाढू शकतं, गरोदरपणात ती टाळायला सांगतात, आणि डेन्मार्कनं 2023 मध्ये तिच्यावर बंदी घातली. थायरॉईडची गोळी चालू असताना स्वतःच्या मनानं सुरू करू नका.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि मला सर्वांत जास्त खुपणारा. 90 टक्क्यांचा आकडा कोणत्या अभ्यासातून आला हे त्या संदेशात कुठेच नाही. आजारांचं खापर ताणावर फोडण्याची किंमत आपण एकदा मोजली आहे. पोटातल्या अल्सरला कित्येक दशकं काळजी आणि तापट स्वभाव यांचा दोष दिला गेला. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी 1980 च्या दशकात त्यामागचा जंतू दाखवला, 2005 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि आज त्या जंतूमुळे झालेले बहुतेक अल्सर अँटिबायोटिकच्या कोर्सनं बरे होतात.

तरीही ताणाचा तब्येतीवर परिणाम होतो, यात मला शंका नाही. 1991 मध्ये मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन यांनी 394 निरोगी माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब टाकले. ज्यांनी आधी जास्त ताण नोंदवला होता त्यांना संसर्ग जास्त झाला. 52 देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात, 2004 मध्ये, घरचा, नोकरीचा आणि पैशाचा ताण हार्ट ॲटॅकशी जोडलेला दिसला. भारतही त्यात होता.

पण ‘ताण घेणं सोडा’ म्हणताना आपण धरून चालतो की ताण हा माणसाच्या हातातला मामला आहे. प्रयोगशाळेत लोकांना ताण देण्याची एक नेहमीची पद्धत आहे. अनोळखी, चेहरे निर्विकार ठेवून बसलेल्या परीक्षकांसमोर भाषण करायला लावतात आणि मग 1022 मधून 13 वजा करत जायला सांगतात. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. 2004 मध्ये अशा 208 प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा दिसलं की कॉर्टिसोल सर्वांत जास्त उसळतं ते दोन गोष्टी एकत्र आल्या की: आपल्या हातात काही नसणं, आणि चारचौघांत आपली किंमत केली जाणं. नुसत्या मेहनतीच्या कामानं तेवढं होत नाही. ब्रिटिश सरकारी नोकरांवर 1967 पासून चाललेल्या व्हाइटहॉल अभ्यासांतही हेच पुढे आलं. हृदयविकारानं जास्त मेले ते खालच्या हुद्द्यावरचे. धूम्रपान, ब्लडप्रेशर वगैरे हिशेबात धरूनही फरक उरला, आणि पुढच्या अभ्यासांत कामावर ताबा नसणं हे त्याचं एक मोठं कारण दिसलं.

माझ्या ओपीडीत असे लोक रोज येतात. सगळ्यांसमोर साहेबाची बोलणी खाणारा वसुलीचा एजंट. ड्युटीची पाळी कधी बदलेल हे आदल्या रात्री कळणारी नर्स. वर्गात मार्क वाचून दाखवले जातात म्हणून पोट दुखणारा नववीतला मुलगा. त्यांना ‘ताण घेऊ नकोस’ म्हणणं म्हणजे आजारासोबत दोषही त्यांच्याच पदरात टाकणं. वसुलीच्या एजंटला मी ब्लडप्रेशरची गोळी देते, ती लागतेच. नर्सच्या बाबतीत मी ड्युटीची पाळी महिनाभर आधी ठरवून द्यावी असं तिच्या मेट्रनला चिठ्ठीत लिहिलं, आणि ते त्यांनी मान्य केलं. मुलाच्या शिक्षकांशी त्याचे वडील बोलले. ज्यांची झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडली आहे, कशातच मन लागत नाही, त्यांना मी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर देते. तो सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.