पाठवलं एकाला, गेलं सगळं घर

अक्का आणि दाजी आफ्रिकेतल्या मलावीला मिशनच्या सेवेसाठी गेल्यापासून रविवारी उपासना सुटली की कुणी ना कुणी मला विचारतंच, "काय गं, तिकडे किती जणांचा बाप्तिस्मा झाला?" विचारणारी माणसं आपलीच असतात. दर महिन्याला न चुकता परदेशी सेवेच्या पाकिटात पैसे घालणारी असतात. त्यांच्यावर माझा राग नाही. पण आमच्या चर्चच्या मंडळीच्या येत्या सभेत आणखी एक कुटुंब बाहेर पाठवायचा विषय आहे, म्हणून हे मोठं लिहिते आहे. दोन लहान मुलं असलेलं तरुण जोडपं आहे. आकडा विचारण्याआधी तिकडे घर कसं चालतं, हे आपल्याला माहीत असायला हवं.

जे ख्रिस्ती नाहीत अशा माझ्या मित्रमैत्रिणींसाठी थोडं सांगते. बेळगावात मिशनरी म्हटलं की बाहेरून आलेला गोरा माणूसच डोळ्यासमोर येतो. साहजिक आहे. 1820 साली लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बल्लारीहून इथे आले, मागून विल्यम बेनन आले. बेनन स्मिथ हायस्कूलमध्ये शिकलेली माणसं तर आपल्या गल्लीगल्लीत आहेत. तिकडे मिरजेला कॅनडात जन्मलेले डॉक्टर वानलेस आले. चिकोडी-निपाणीकडच्या जुन्या माणसांना विचारा, "मिरजेला नेलं" म्हणजे जड दुखणं, हे त्यांना सांगावं लागत नाही. आता आपल्यातून माणसं बाहेर जातात. नर्स, लॅबवाले, मास्तर, पाळक. मोठा गाजावाजा न होता जातात.

दाजी लॅब टेक्निशियन. दक्षिण मलावीत, ब्लांटायरच्या पलीकडे मुलांजे डोंगराच्या अंगाला एका मिशन हॉस्पिटलात आहेत. तो डोंगर तीन हजार मीटर उंच, पायथ्याला चहाचे मळे. जून-जुलैत तिथे थंडी असते आणि मोझांबिकच्या बाजूने बारीक पाऊस घेऊन ढग येतात. त्याला तिथे चिपेरोनी म्हणतात. अक्का म्हणते, कपडे वाळत नाहीत, अगदी आपल्या कॅम्पातल्या जुलैसारखं. खरा पाऊस मात्र नोव्हेंबर ते एप्रिल, आणि तोच मलेरियाचा हंगाम. दाजी तेव्हा सकाळी जे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतात ते संध्याकाळपर्यंत. मलेरियाची लस नेहमीच्या लसीकरणात प्रायोगिक म्हणून पहिल्यांदा द्यायला सुरुवात झाली ती 2019 साली, याच मलावीत. तरी मच्छरदाणी आणि स्लाइड यांच्यातून सुटका नाही. माझ्या धाकट्या भाच्याची स्लाइडसुद्धा दाजींनीच बघितली आहे. बापाने स्वतःच्या मुलाच्या रक्तात ते जंतू बघायचे, औषध चालू करायचं आणि पुढच्या पोराची स्लाइड हातात घ्यायची. सेवा म्हणताना हे आपल्याला दिसतं का?

आता अक्काचा दिवस सांगते. तिच्याविषयी कुठल्याच अहवालात ओळ नसते.

अक्का बी.एड. झालेली, इथे चांगल्या शाळेत शिकवत होती. तिकडे कागदोपत्री ती फक्त पत्नी. पगार नाही, पद नाही. पहाटे पाचला उठते, कारण वीज असली तर तेव्हाच असते. जानेवारी 2022 मध्ये आना नावाच्या वादळाने शिरे नदीवरच्या कपिचिराच्या वीजकेंद्राचं मोठं नुकसान झालं, देशाच्या विजेचा मोठा वाटा एका झटक्यात गेला. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये फ्रेडी वादळ आलं, ब्लांटायरच्या भागात डोंगरच्या डोंगर खाली आले, सगळं धरून हजारावर माणसं गेली किंवा बेपत्ता झाली. तेव्हापासून विजेवर भरवसा ठेवायचा नाही हे घरात ठरून गेलं आहे. वीज नसेल तर कोळशाची शेगडी. तिला तिथे म्बाऊला म्हणतात. पाणी भरून ठेवायचं, उकळायचं, गाळायचं. 2022-23 मध्ये तिथे कॉलऱ्याने सतराशेहून जास्त माणसं नेली, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत ती कुणाचंच ऐकत नाही.

खाण्याचं मात्र ऐकून बरं वाटेल. आपल्याला वाटतं की बिचारी आमटीला तरसत असेल. तर मलावीत तूर पिकते, भरपूर पिकते! नांदोलो म्हणतात तिला. 2021 साली भारताने मलावीशी करार केला, दर वर्षी पन्नास हजार टन तूर आणायचा. म्हणजे आपल्या घरातल्या आमटीत तिच्या शेजारणीच्या शेतातली डाळ असू शकते. भुईमुगाच्या शेंगाही होतात. पालेभाजीत शेंगांचं कूट घालायची पद्धत तिथेही आहे, त्यामुळे अक्काची शेंगाची चटणी तिथल्या बायकांना पहिल्याच दिवशी आवडली. रोजचं जेवण म्हणजे न्सिमा, पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, हाताने मोडून भाजीबरोबर खायचा. मुलांना आता तोच भातापेक्षा आवडतो. भाकरीसाठी अक्का मक्याच्या पिठाची उकड काढते, नाहीतर भाकरी तव्यावर पडायच्या आधीच फुटते.

सकाळी सातपासून दारात "ओडी, ओडी" सुरू होतं. तिथे दार वाजवत नाहीत, बाहेर उभं राहून अशी हाक देतात. कुणाला हॉस्पिटलची चिठ्ठी वाचून हवी, कुणाच्या पोरीची शाळेची फी अडलेली, कुणी नुसतंच बसायला आलेलं. मलावीत आलेल्या माणसाला घाईने वाटेला लावता येत नाही. आधी तब्येत विचारायची, घरच्यांची विचारायची, मग काम. अक्का चिचेवा, म्हणजे तिथली भाषा, शिकली ती वर्गात बसून थोडी आणि या दारातल्या बायकांकडून जास्त. आपण सीमाभागातली माणसं. घरी मराठी, ऑफिसात कन्नड, आठवड्याच्या बाजारात दोन्ही. दुसऱ्याची भाषा शिकताना चुका करायची लाज आपल्याला कमी वाटते, याचा तिला फार उपयोग झाला असं मला मनापासून वाटतं.

आणि मयती. गावात कुणी गेलं की बायका चितेंजे, म्हणजे कमरेचं रंगीत कापड, गुंडाळून त्या घरी जातात आणि जमिनीवर बसून राहतात, रात्र रात्र. जो जात नाही तो आपला नाही, असं तिथे साधं गणित. अक्का जाते. कडेवर लहान मूल असतानाही गेली. फार काही बोलत नाही, बसते, गाण्यात सूर मिळवते. दाजींचा हॉस्पिटलातला एक सहकारी त्यांना म्हणाला होता, तुमच्यावर आमचा विश्वास बसला तो तुमची बायको आमच्या आईच्या मयतीला बसली त्या रात्री. हे मंडळीच्या कुठल्या रकान्यात लिहायचं?

नोव्हेंबर 2023 मध्ये तिथल्या रिझर्व्ह बँकेने तिथल्या चलनाची, क्वाचाची, किंमत इतकी उतरवली की डॉलर एका दिवसात 44 टक्क्यांनी महाग झाला. तेल, साबण, साखर, सगळं वर गेलं. अक्काच्या घरी पैसे भारतातून जातात, म्हणून त्यांचं त्या मानाने निभावलं. पण हॉस्पिटलातल्या नर्सचा पगार तेवढाच राहिला. मग शेजारी उपाशी आणि आपल्या घरी साखर, अशा वेळी डबा उघडायचा की झाकायचा, हा प्रश्न त्या घरात रोजचा आहे. नवराबायकोची भांडणंही त्यावरून होतात. होऊ देत, पवित्र माणसं म्हणून त्यांना तिकडे कुणी बसवून ठेवलेलं नाही.

मला मिशनच्या जुन्या गोष्टी वाचायची आवड आहे, आणि वाचताना आता माझं लक्ष बायका-मुलांकडेच जातं. विल्यम केरी 1793 साली बंगालात आले. त्यांची पत्नी डोरोथी आधी यायलाच तयार नव्हती. पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला आणि तिचं मन जे बिघडलं ते 1807 साली ती मरेपर्यंत सावरलं नाही. बरीच वर्षं तिला खोलीत बंद ठेवावं लागलं. याच काळात, 1805 साली, केरींनी बंगालातल्या श्रीरामपूरला मराठीचं व्याकरण छापलं, वैजनाथ पंडितांच्या मदतीने. आपल्या भाषेवरचं ते उपकाराचं काम. ते आपण अभिमानाने सांगतो, सांगावंच. पण त्या भिंतीपलीकडच्या बाईचं नाव कधी घेतलं का आपण?

स्कॉटिश मिशनरी लिव्हिंगस्टन तर मलावीच्या सरोवराकाठी 1859 साली पोचलेला माणूस. त्याची पत्नी मेरी 1862 मध्ये झांबेझीच्या काठी शुपांगा इथे तापाने गेली. त्याच्या धाकट्या मुलीने, ॲना मेरीने, बापाचं तोंड पहिल्यांदा पाहिलं ते पाच वर्षांची झाल्यावर. त्याच्या गोष्टीत आपली माणसंही आहेत. नाशिकजवळ शरणपूरला गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांचा आश्रम होता. तिथली मुलं 1866 साली त्याच्याबरोबर आफ्रिकेत परतली. नंतर तिथलाच जेकब वेनराइट त्याच्या शेवटच्या मोहिमेत सामील झाला. 1873 मध्ये लिव्हिंगस्टन वारला तेव्हा प्रार्थना त्यानेच म्हटली आणि पुढे लंडनच्या दफनविधीलाही तो हजर होता. म्हणजे नाशिक ते मलावी ही वाट अक्काच्या आधीची आहे. ज्या पोरांना आधीच एकदा घरातून उचलून नेलं होतं, तीच पुन्हा घर नसलेल्या प्रवासाला निघाली, याचा विचार केला की मला गलबलून येतं.

तेव्हा जहाजाने सहा-सहा महिने लागायचे, आता व्हॉट्सॲप आहे, असं लोक म्हणतात. आहे ना. पण बाबा बाथरूममध्ये घसरून पडले तेव्हा व्हॉट्सॲपने त्यांना उचललं नाही. मी तेव्हा गावाबाहेर होते. शेजारच्या कन्नड काकांनी रिक्षा करून त्यांना हॉस्पिटलात नेलं, रात्रभर बसले. अक्का तिकडे फोनवर रडत होती, आणि मंडळीतल्या लोकांना पुढच्या रविवारी कळलं. ज्या दिवशी हार घालून अक्का-दाजींना निरोप दिला, त्या दिवशी आईबाबांकडे आम्ही आहोत असं व्यासपीठावरून सांगितलं होतं. मला ते शब्द तोंडपाठ आहेत.

बेळगावकरांना हे समजावून सांगावं लागू नये. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या गावात. सीमेवर गेलेल्या जवानाच्या मागे त्याचं घर असतं, हे इथल्या पोराटोरालाही ठाऊक आहे. त्या घराला क्वार्टर आहे, कँटीन आहे, दवाखाना आहे, पेन्शन आहे. कमीजास्त असेल, पण व्यवस्था आहे. आपण ज्यांना पाठवतो त्यांच्या मागच्या घराला काय आहे? प्रार्थना आहे. प्रार्थनेवर माझा पूर्ण विश्वास आहे, म्हणूनच ती करणाऱ्याने उठून रिक्षाही बोलवावी असं मी म्हणते.

आणि मुलं. मोठी भाची आता दहा वर्षांची. चिचेवा आणि इंग्रजी फाडफाड, मराठी आईशी बोलण्यापुरती, कन्नड अजिबात नाही. परत आली की कर्नाटकातल्या शाळेत 2015 च्या कायद्याप्रमाणे तिला बहुधा कन्नड शिकावं लागणार. शिकावंच, ही आपली रोजची भाषा आहे. पण दहाव्या-बाराव्या वर्षी अक्षरओळखीपासून सुरुवात करणाऱ्या मुलीला कोण शिकवणार, कोण जवळ बसवणार, याचा विचार आत्तापासून करायला नको? गेल्या सुट्टीत ती आली तेव्हा अंगणात एकटीच बसायची. आपल्या मुलांनी तिला विचारलं की तिकडे सिंह आहेत का, आणि पुढे काही विचारायचं त्यांना सुचलं नाही. सुट्टी म्हणजे तरी काय, आज खानापूर, उद्या निपाणी, परवा कोल्हापूर, प्रत्येक ठिकाणी दाजींनी फोटो दाखवायचे, अक्काने साडी नेसून शेजारी उभं राहायचं. विश्रांतीला आलेली माणसं दमून परत गेली.

तर सभेपुढे मी चार मागण्या लेखी ठेवल्या आहेत. पत्नीच्या नावाने वेगळी रक्कम आणि म्हातारपणासाठी तिच्या नावावर बचत, नवऱ्याच्या खात्यात मिसळलेली नको. मागे राहिलेल्या आईवडिलांसाठी दोन घरांची नावं नेमून द्यायची, फोन नंबरासकट, आणि ती नावं दर वर्षी बदलायची म्हणजे एकावरच ओझं पडणार नाही. मुलं परत यायच्या एक वर्ष आधीपासून फोनवर कन्नड शिकवणी. आपल्यात निवृत्त शिक्षिका कमी नाहीत. आणि सुट्टीतला पहिला महिना कुठलीही सभा, कुठलाही फोटो नाही, घरी झोपू द्यायचं.

नवीन कुटुंबाला पाठवायला माझा विरोध नाही, उलट त्यांनी जावं असंच मला वाटतं. पण या चार गोष्टी मंजूर झाल्यावर. अर्ज सेक्रेटरींकडे दिला आहे, खाली सह्यांना जागा ठेवली आहे. शुक्रवारच्या प्रार्थनासभेआधी अर्धा तास मी दारातच बसणार आहे. ज्यांना पटलं असेल त्यांनी सही करा. पटलं नसेल त्यांनीही या, बोलू.